मशीन वेगळे हवे, ताट वेगळे नको

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघे जण कोल्हापुरातल्या एका वस्तीत एका आजारी बांधवाला भेटायला गेलो होतो. वय पन्नाशीच्या पुढे. अनेक वर्षे फौंड्रीत घाम गाळलेला माणूस. साखरेच्या आजाराने दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आता आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस. जयभीम झाला, चहा आला. आम्हाला कपबशीतून, त्यांना कान तुटलेल्या एका जुन्या कपातून. तो कप खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवलेला होता. शेजारी त्यांचेच ताट, वाटी, तांब्या. आमची नजर तिकडे गेलेली पाहून सूनबाई खाली मान घालून म्हणाली, "दवाखान्यात सी पॉझिटिव्ह आलंय म्हणून सांगितलं. घरात बारकी पोरं हाईत." त्यावर ते स्वतःच म्हणाले, "तिला बोलू नका. मीच सांगितलंया, माझं येगळं ठेवा म्हणून."

डायलिसिस सुरू झाले तेव्हाची तपासणी काय होती, असे आम्ही विचारले. त्यांनी फाईल काढून दाखवली. तेव्हा बी नव्हता, सी नव्हता. म्हणजे मधल्या वर्षभरात कधीतरी हा विषाणू त्यांच्या रक्तात शिरला. "तिथं एकाच हातमोज्यात तीन-तीन पेशंटना हात लावताना बघितलंया," ते म्हणाले, "पण बोललो न्हाई. बोललो आणि उद्या बेड न्हाई म्हणाले, तर जायचं कुठं?"

त्या दिवसापासून ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. जिथे वेगळेपण पाळायला हवे, म्हणजे डायलिसिसच्या मशीनपाशी, तिथे ते पाळले जाते की नाही हे विचारण्याची या माणसाला हिंमत होत नव्हती. आणि जिथे वेगळेपणाची काडीचीही गरज नाही, म्हणजे घराच्या ताटात, तिथे ते कडक पाळले जात होते. हे सगळे उलटे झाले आहे. ते सरळ कसे करायचे, यासाठी हा लेख.

पाण्याची कावीळ आणि रक्ताची कावीळ

आपल्या जिल्ह्यात कावीळ म्हटले की पंचगंगेचे पाणी आठवते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. ती हिपॅटायटिस ई ची साथ होती. ए आणि ई हे विषाणू सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पोटात जातात. डोळे पिवळे होतात, उलट्या होतात, पण बहुतेक माणसे काही आठवड्यांत बरी होतात. गरोदर बाईला मात्र ई पासून मोठा धोका असतो.

हिपॅटायटिस बी आणि सी हे वेगळे आहेत. ते पिण्याच्या पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून रक्तात जातात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. सी असा कमी वेळा जातो. या दोन्हींमध्ये डोळे पिवळे होतीलच असे नाही. वर्षानुवर्षे माणूस धडधाकट दिसतो आणि आत लिव्हर हळूहळू कडक होत जाते. पुढे लिव्हरचा सिरॉसिस, काहींना कॅन्सर. म्हणून चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवणारे आणि गळ्यात माळ घालणारे इथे अगदीच निकामी आहेत. चुन्याचे पाणी पिवळे झाले म्हणजे रक्तातला विषाणू गेला, असे होत नाही. त्यात पैसे जातात आणि त्याहून मौल्यवान असा वेळ जातो.

डायलिसिसवरच्या माणसात तर हा आजार आणखी गप्प बसतो. लिव्हरला सूज आली की एसजीपीटी नावाची तपासणी वाढते, असे आपण ऐकलेले असते. पण किडनी गेलेल्या माणसात ती मुळातच कमी येते. त्यामुळे "एसजीपीटी नॉर्मल आहे, काही काळजी नाही" एवढ्यावर थांबता येत नाही. विषाणूची तपासणी वेगळी, ठरलेल्या वेळी, करावीच लागते.

डायलिसिसमध्येच धोका का?

एका वेळच्या चार तासांच्या डायलिसिसमध्ये मशीन मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त ओढते. अंगात रक्त असते पाच लिटरच्या आसपास, पण तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत चार तासांत साठ-सत्तर लिटर रक्त मशीनमधून जाते. फिस्टुला असेल तर दर वेळी दोन जाड सुया. आठवड्यातून दोन वेळा धरले तरी वर्षाला शंभराहून जास्त वेळा अंगातले रक्त बाहेर येते आणि आत जाते. त्याच हॉलमध्ये शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्याचे रक्त फिरत असते. एक पाळी संपली की तासाभराच्या आत दुसरी लागते. अशा ठिकाणी थोडी ढिलाई झाली तरी विषाणूला वाट मिळते.

या वाटा आता चांगल्या माहीत आहेत. पहिली वाट हातमोज्यांची. एका रुग्णाचे रक्त लागलेले हातमोजे न बदलता दुसऱ्याला हात लावला जातो. दुसरी औषधाच्या बाटलीची. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. एकाच बाटलीतून अनेकांचे डोस काढताना वापरलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा त्यात गेली, तर एकाचे रक्त सगळ्यांपर्यंत पोहोचते. तिसरी वाट खुर्ची, ट्रे, क्लॅम्प, बीपीचा पट्टा, मशीनची बटणे यांची. यांवर डोळ्यांना न दिसणारे रक्ताचे ठिपके असतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो. चौथी वाट डायलायझरची. अनेक ठिकाणी डायलायझर धुऊन त्याच रुग्णाला पुन्हा वापरतात. त्यावरचे नाव चुकले किंवा धुण्यात हयगय झाली तर धोका. पाचवी, चढवलेल्या रक्ताची. आता रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची बी आणि सी साठी तपासणी होते, त्यामुळे हा धोका पूर्वीपेक्षा खूप कमी झाला आहे, पण पूर्ण संपलेला नाही. म्हणून हिमोग्लोबिन वाढवण्याची इंजेक्शने वेळेवर घेऊन रक्त चढवण्याची वेळच कमी आणणे चांगले.

हे फक्त गरीब देशातच घडते असे नाही. १९६९-७० मध्ये ब्रिटनच्या एडिंबरो शहरातल्या किडनी विभागात हिपॅटायटिस बी ची साथ आली. तिथे रुग्ण दगावले आणि त्यांची सेवा करणारे कर्मचारीही दगावले. त्यानंतर तिथे सरकारने समिती नेमली, १९७२ मध्ये नियम आले. रक्ताची नियमित तपासणी, बाधित रुग्णाचे डायलिसिस वेगळे, हातमोजे आणि स्वच्छतेची शिस्त. लस अजून निघालेलीही नव्हती. तरी नुसत्या या शिस्तीवर तिथल्या डायलिसिस विभागांतला बी आटोक्यात आला. आम्हाला यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: हा आजार डायलिसिसच्या नशिबात लिहिलेला नाही. तो थांबवता येतो. म्हणून "डायलिसिसवर आहे म्हटल्यावर आज ना उद्या होणारच" हे वाक्य आपण कोणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नये.

विचारायचे काय?

"बेड जाईल" ही भीती खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडहून एसटीने येणाऱ्या माणसाला तर दुसरे केंद्र शोधणे फार कठीण. पण प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे. रुग्णाऐवजी बरोबर गेलेल्या माणसाने शांतपणे विचारावे:

१. मला सुई टोचण्याआधी हात धुऊन नवे हातमोजे घालाल का?

२. हेपॅरिनचा डोस स्वच्छ जागी, नव्या सिरिंजने काढलेला आहे का?

३. आधीचा रुग्ण उठल्यावर खुर्ची आणि मशीन बाहेरून जंतुनाशकाने पुसले का?

४. डायलायझरवर माझेच नाव आहे ना? ते मला वाचून दाखवा.

५. माझी बी आणि सी ची शेवटची तपासणी कधी झाली? पुढची कधी?

सी ची तपासणी डायलिसिस सुरू करताना आणि नंतर किमान दर सहा महिन्यांनी व्हायला हवी. बी ची त्याहून लवकर लवकर. रिपोर्टची एक झेरॉक्स घरच्या फाईलमध्ये ठेवावी. तारखांवरूनच कळते की लागण कधी झाली.

मशीनबद्दलही स्पष्ट असावे. हिपॅटायटिस बी च्या रुग्णासाठी मशीन वेगळे, खोली किंवा जागा वेगळी, हा सर्वमान्य नियम आहे. त्या पाळीत त्याच्याकडे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने बी न झालेल्या आणि लसही न लागू झालेल्या रुग्णाकडे जाऊ नये. सी साठी आपल्याकडे बहुतेक केंद्रे वेगळे मशीन ठेवतात. पण सी च्या बाबतीत मशीन वेगळे असण्यापेक्षा हातमोजे आणि सुयांची शिस्त जास्त महत्त्वाची, असे जगभरातले तज्ज्ञ सांगतात. मशीन वेगळे आणि हातमोजे तेच, तर काय उपयोग?

बी ला लस आहे, सी ला इलाज आहे

हिपॅटायटिस बी ची लस आहे. किडनीचा आजार आहे असे कळले की, डायलिसिसची वेळ येण्याआधीच ती घेतलेली उत्तम, कारण तेव्हा ती जास्त चांगली लागू पडते. डायलिसिसवरच्या मोठ्या माणसाला नेहमीच्या दुप्पट डोस लागतो. साधारणपणे आज, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी अशा चार वेळा. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी 'टायटर' तपासून लस लागू झाली की नाही हे पाहावे. तो आकडा १० च्या खाली असेल तर डॉक्टर पुन्हा लस देतात. नंतर दर वर्षी तपासणी. आपल्यातले बरेच जण एक-दोन डोस घेऊन थांबतात. अर्धवट लस म्हणजे अर्धवट कुंपण.

सी ला लस नाही, पण इलाज आहे. साधारण १२ आठवडे रोज गोळ्या घेतल्या की शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. डायलिसिसवरच्या रुग्णालाही हा उपचार घेता येतो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्याखाली सरकारी उपचार केंद्रांत बी आणि सी ची तपासणी व औषधे मोफत आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या रुग्णाने पहिली चौकशी सीपीआरमध्ये करावी. बी चा विषाणू गोळ्यांनी पूर्ण जात नाही, पण ताब्यात राहतो. त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सी बरा झाला तरी अँटीबॉडीची साधी तपासणी पुढेही पॉझिटिव्ह येत राहते. विषाणू आता रक्तात आहे की नाही हे फक्त आरएनए तपासणी सांगते. ती न पाहता बऱ्या झालेल्या माणसावर 'पॉझिटिव्ह' हा शिक्का कायम ठेवणे अन्याय आहे. तसेच बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो, म्हणून शिस्त पुढेही तीच.

घरात काय वेगळे, काय एकत्र?

वेगळे ठेवायचे ते एवढेच: दाढीचे ब्लेड, दातांचा ब्रश, नखे कापायचे नेलकटर, साखर तपासायची सुई. जखम झाकून ठेवावी. रक्त सांडले तर हातमोजे घालून ब्लीचिंगच्या पाण्याने पुसावे. बी असेल तर घरातल्या सर्वांची तपासणी करून लस घ्यावी, आणि पती-पत्नीने लस होईपर्यंत निरोध वापरावा. नव्या बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना.

बाकी सगळे एकत्र. एका ताटात जेवल्याने, एका कपातून चहा प्याल्याने, मिठी मारल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने, एकाच संडासाने बी किंवा सी होत नाही. 

वेगळ्या कपाचा अर्थ काय असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी तो कप हॉटेलच्या बाहेर भिंतीला टांगलेला पाहिला आहे. याच कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले आणि राजर्षी शाहू महाराज तिथे थांबून सर्वांसमोर चहा पीत. १९१९ मध्ये महाराजांनी हुकूम काढून दवाखान्यांसह सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. आज त्याच भाऊसिंगजी रस्त्यावर सीपीआर उभे आहे. त्या रस्त्याने डायलिसिसहून घरी परतलेल्या आपल्या माणसाला आपणच वेगळा कप द्यायचा? आपल्या मनात वाईट नाही, भीती आहे, हे आम्हाला समजते. पण भीतीने दिलेला कपही पिणाऱ्याला तेवढाच टोचतो.

तिथे काम करणारी माणसेही आपलीच

हा लेख वाचून कोणी टेक्निशियन किंवा नर्सवर धावून जाऊ नये. एका माणसावर अनेक मशीन, हातमोज्यांचे खोके मोजून दिलेले, दोन पाळ्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ नाही, अशा स्थितीत शिस्त मोडते. तिला जबाबदार असतो तो माणसे आणि सामान कमी देणारा कारभार. आणि त्या हॉलमधली फरशी पुसणारे, वापरलेल्या सुया उचलणारे कंत्राटी सफाई कामगार कोणत्या वस्तीतून येतात, हे आपल्याला माहीत आहे. एडिंबरोत कर्मचारीही दगावले, हे विसरू नये. आपल्या घरात कोणी दवाखान्यात सफाईला, वॉर्डात किंवा लॅबमध्ये कामाला असेल, तर बी च्या लसीचे तीन डोस झाले आहेत का, हे आज रात्री जेवताना विचारावे. कंत्राटी असला तरी ही लस त्याचा हक्क आहे. सुई टोचली तर लपवू नये, ताबडतोब कळवावे, कारण लवकर उपाय केला तर बी टाळता येतो.

आमच्या मागण्या

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत मिळते. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. ही मोठी सोय आहे, तिच्यामुळे आपली माणसे जगली. पण मोफत म्हणजे कसेही चालेल, असे नव्हे. योजनेचे पैसे सरकार देते, तर सरकारने हेही पाहिले पाहिजे:

योजनेतल्या प्रत्येक केंद्राने वर्षभरात आपल्याकडे किती रुग्णांना नव्याने बी किंवा सी झाला, हा आकडा नावे न सांगता दर्शनी फलकावर लावावा. बी ची दुप्पट डोसाची लस, टायटर आणि सहामाही तपासणी योजनेतच मिळावी, बाहेरून आणायला लावू नये. पॉझिटिव्ह आला म्हणून रुग्णाला हाकलू नये. आपल्याकडे वेगळे मशीन नसेल तर दुसऱ्या केंद्रात जागा ठरवून मगच पाठवावे, कारण दोन डायलिसिस चुकले तर माणूस हिपॅटायटिसने नव्हे, अंगात साचलेल्या पाण्याने आणि पोटॅशियमने जातो. आणि बेडवर सर्वांना दिसेल अशी 'पॉझिटिव्ह' पाटी लावू नये. ती माहिती फाईलमध्ये असावी.

अडचण आली तर केंद्रातल्या आरोग्यमित्राला भेटावे, योजनेच्या १५५३८८ या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तक्रारीची तारीख लिहून ठेवावी. एकट्याने बोलायला भीती वाटते, म्हणून आम्ही सुचवतो: येत्या पौर्णिमेला प्रत्येक विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. आपल्या वस्तीत डायलिसिसवर किती जण आहेत, कोणाची लस राहिली, कोणाबरोबर जायला घरात माणूस नाही, याची यादी करावी आणि पाळीपाळीने सोबत जावे. परवानगीशिवाय कोणाचा रिपोर्ट चारचौघांत वाचू नये.

तथागतांना एकदा विहारात घाणीत पडलेला एक आजारी भिक्खू दिसला. कोणीच त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ करून अंथरुणावर निजवले. मग बाकीच्या भिक्खूंना विचारले की तुम्ही त्याची सेवा का केली नाही. पाणी, स्वच्छता आणि जवळ जाणे, तिन्ही एकत्र. आपल्या आजच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

परवा आम्ही त्या बांधवाकडे पुन्हा गेलो. आरएनए तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या आहेत. या वेळी चहा सर्वांना सारख्याच कपातून आला. हातमोज्यांचा प्रश्न मात्र अजून विचारायचा राहिला आहे. येत्या मंगळवारी त्यांच्या डायलिसिसला आमच्यापैकी दोघे बरोबर जाणार आहेत.

जयभीम!